पांढऱ्या बैलाचा डावा डोळा

माझा हात बाबांवर गेलाय. बोटं आखूड, तळवा रुंद, आणि राग आला की डोकं जागं व्हायच्या आधी तो उठलेला असतो. चित्रं काढायला असा हात कुणी मागून घेणार नाही. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या हातात ब्रश आला, तोही काही कलेच्या ओढीनं आला नाही. आधी हातातून डस्टर गेलं, मग ब्रश आला. म्हणून आधी डस्टरचं सांगते.

अमरावतीला राजापेठेत माझी जीवशास्त्राची शिकवणी आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर आमचा वर्ग, आणि खिडकीबाहेर दिवसभर दुचाक्यांचा कालवा. मी शिकवते चांगलं आणि चिडते भयंकर, अशी माझी ख्याती. पालक या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायचे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. पोरं टरकून असतात म्हणजे शिस्त आहे, असं मी मानायचे.

त्या जानेवारीत मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर हृदयाचा उभा छेद काढत होते. खडू दोनदा मोडला होता. खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. तेवढ्यात पाठीमागे दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हसली. कशाला हसली ते मला आजही माहीत नाही. मी वळले आणि हातातलं डस्टर फेकलं. जुनं, लाकडी पाठीचं, चांगलं वजनदार डस्टर होतं. ते कडेनं तिच्या उजव्या भुवईवर बसलं. रडायच्या आधी तिनं वही बाजूला सारली, भिजू नये म्हणून, आणि मग रक्त तिच्या बोटांमधून बाकावर आणि बाकावरून फरशीवर गळायला लागलं. भुवईची कातडी फाटली की रक्त लवकर थांबत नाही, हे मीच पोरांना सांगत असते. त्या वेळी मात्र ओढणीचा बोळा तिच्या डोळ्यावर दाबून मी नुसती उभी राहिले.

दवाखान्यात टाके पडले. तिची आई धावत आली आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं की शिकवताना हातवारे करत होते, डस्टर हातातून निसटलं. माझं बोलणं संपलं तेव्हा त्या मुलीनं पट्टीखालून एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं.

"हो, निसटलं," ती म्हणाली.

आईचा विश्वास बसला. वेळेवर दवाखान्यात आणलं म्हणून तिनं वर माझे आभार मानले. मी घरी आले आणि तब्येतीचं कारण सांगून वर्ग पंधरा दिवस बंद ठेवला. नवऱ्यालाही निसटल्याचंच सांगितलं. होतं असं कधीकधी, असं म्हणून तो जेवायला बसला.

पंधरा दिवस रिकाम्या घरात काय करायचं? माझी मुलगी पुण्याला शिकायला गेलेली. तिचं कपाट आवरायला काढलं, तर शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षेची रंगपेटी सापडली. ट्यूबमधले रंग वाळून खडे झालेले, ब्रशचे केस उभे राहिलेले. फेकून द्यायला म्हणून बाजूला ठेवली.

त्याच दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुत्र्यांची जुंपली. तिथं चिकनचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला पिसांचा, आतड्यांचा ढीग पडतो. पाच-सहा कुत्री एका तांबड्या कुत्र्यावर तुटून पडली होती. मी गॅलरीतून बघत होते. एकानं त्याचा कान धरला आणि डोकं झटकलं, तसा कानाचा लचका निघून आला. तो तांबडा किंचाळला, पण पळाला नाही. खाली पाठ, वर दात, अशा अवस्थेत तो लढत राहिला, आणि शेवटी दुकानदारानं उकळतं पाणी फेकलं तेव्हाच सगळी पांगली. तांबडा लंगडत आमच्या इमारतीखाली आला आणि एका स्कूटरच्या सावलीत बसून पंजावरचं रक्त चाटू लागला.

मला त्याची दया आली असं म्हटलं तर शोभून दिसेल, पण तसं झालं नाही. माझी त्याच्यावरून नजर हटेना, एवढंच खरं. श्वासाबरोबर त्याच्या बरगड्या कशा वर येतात, ओल्या रक्तानं मानेचे केस कसे एकमेकांना चिकटून टोकदार होतात, आणि एवढं सगळं होऊनही डोळा कसा शांत आहे. मी आत जाऊन रंगपेटी आणली, वाळक्या रंगांवर पाणी ओतलं आणि मुलीच्या जुन्या वहीच्या कागदावर त्याला काढायला बसले.

ते चित्र कुत्र्याचं कमी आणि रताळ्याचं जास्त दिसत होतं. पण मान वर केली तेव्हा ऊन गॅलरीतून गेलं होतं आणि चहा करायचाही राहिला होता. तीन तास मी कुणावर, अगदी स्वतःवरही, चिडले नव्हते. असं माझ्या आयुष्यात पूर्वी कधी झाल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवे रंग आणि जाड कागद आणला. मग शिकणं सुरू झालं. फोनवर बघून, चुकून, फाडून. जलरंगाचं एक आहे, त्याच्याशी दांडगाई चालत नाही. तेलरंगात म्हणे चूक झाली तर वरून दुसरा रंग थापता येतो. इथं एकदा गडद झालं की झालं. चिडून ओला ब्रश घासत बसलात तर कागदाची साल निघते, आणि मग त्या जागी कुठलाही रंग धड बसत नाही. पहिल्या महिन्यात मी कितीतरी कागदांची अशी सालं काढली. एकदा चिमणीचं पोट जमेना म्हणून ब्रश दाताखाली धरून मोडला. नवरा म्हणाला, आता घरात जपून वागायला पाहिजे, हातात टोकदार वस्तू आलीय. मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

पण हात हळूहळू वळला. आधी कागदाला नुसतं पाणी लावायचं, त्यात रंगाचा थेंब सोडायचा, आणि मग हात मागे घेऊन थांबायचं. रंग आपला आपण पसरतो. तो वाळला की दुसरा थर, मग तिसरा, आणि केस सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशनं, ज्या दिशेला ते उगवतात त्याच दिशेला. हात मागे घेणं ही गोष्ट मला कुणी कधी शिकवली नव्हती. ती मी चव्वेचाळिसाव्या वर्षी एका गाढवाचं पोट रंगवताना शिकले.

मला जनावरं जशी असतात तशीच काढायची होती. टांग्याच्या घोड्याच्या पाठीवरची जखम आणि तिच्यावरच्या माश्या. कावळ्याच्या चोचीत लोंबणारं खारीचं पिल्लू. म्हशीच्या गळ्याला दाव्यानं पडलेला केस नसलेला पट्टा. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या पांढऱ्या कुत्रीचं चित्र काढून मागितलं, तेही हसरं. कुत्री पंधरा वर्षांची, डोळ्यांखाली पाण्याचे तपकिरी ओघळ उतरलेले. मी ओघळांसकट काढली. वहिनींनी चित्र नेलं नाही आणि महिनाभर मला विरजणही मागितलं नाही.

त्या कुत्रीनं मला एक मोठी गोष्ट दिली. पांढरं जनावर काढताना पांढरा रंग लावायचा नसतो, कागद राखायचा असतो. रंग लावायचा तो सावलीचा. निळसर, जांभळट, पोटाखाली थोडा मातकट. सावली नीट पडली की मधलं कोरं अंग आपोआप जिवंत होतं. हे जमलं त्या दिवशी मी आनंदानं एकटीच स्वयंपाकघरात फिरले. आणि फिरता फिरता थांबले, कारण पांढरं जनावर म्हटल्यावर मला आमचा बैल आठवला होता.

आमचं गाव तेल्हाऱ्याकडचं, अकोला जिल्ह्यातलं. काळी जमीन, कपाशी, आणि तेव्हा दारात एक बैलजोडी. त्यातला एक पांढरा, मानेवर राखाडी झाक असलेला. तो दहा कोस गाडी ओढायचा, पण डवऱ्याला, म्हणजे कोळपणीला, जुंपला की मध्येच तासात बसायचा. बसका बैल म्हणजे शेतकऱ्याची चार लोकांत शोभा. बाबांना ते सहन व्हायचं नाही.

मी दहा वर्षांची होते. भाकरी घेऊन शेतात गेले तर बैल तासात बसलेला, जोतं वाकडं झालेलं, आणि बाबा त्याला मारत होते. आधी कासऱ्यानं. मग त्याची शेपटी पिळली, इतकी की हाड मोडल्याचा आवाज मला बांधावर आला. बैल उठला नाही. मग बाबांनी तुतारी घेतली. तुतारी म्हणजे टोकाला लोखंडी खिळा बसवलेली काठी, बैलाला टोचायची. बाबांनी टोचली नाही, दोन्ही हातांनी धरून फावड्यासारखी हाणली. पाठीवर, खांद्यावर, तोंडावर. बाबांच्या तोंडाला फेस आला होता, बैलाच्या नव्हे. आणि एका घावाला बैलानं मान वळवली. खिळा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला.

बैल हंबरला नाही. नाकातून एकच जोराचा श्वास सोडून तो उठून उभा राहिला. आता उठला. डोळ्यातून आधी पाणी आलं, मग घट्ट, मग लाल. बाबा हातातल्या काठीकडे बघत राहिले. नंतर त्यांनी वर बघितलं आणि बांधावर मी दिसले.

बाबा मला काहीच बोलले नाहीत. बैल सोडून घरी आणला. गल्लीतले लोक जमले तेव्हा त्यांनी सांगितलं की बांधावरच्या बाभळीचा काटा लागला. मायनं माझ्याकडे वळून विचारलं की तू होती ना तिथं, कशानं लागलं. बाबा हौदापाशी हात धूत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि हात थांबले होते.

"काटा लागला," मी म्हणाले.

त्या दिवसानंतर बाबांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. त्याआधी कासऱ्याचे वळ माझ्या पोटऱ्यांवर कायम असायचे. लहानपणी मला वाटलं, बाबांचा जीव जडला माझ्यावर. कळायला लागलं तेव्हा समजलं की ती माझ्या गप्प बसण्याची मजुरी होती.

बैल पुढं सहा वर्षं जगला. डाव्या बाजूनं कुणी आलं की भ्यायचा. एकदा बाबाच विसरून त्या बाजूनं पेंड घेऊन गेले, तर त्यानं दचकून शिंग मारलं. बाबांच्या मांडीत ते वीतभर शिरलं. गोठ्यातून अंगणापर्यंत रक्ताचा ओघळ होता. लोक म्हणाले, विकून टाका मारक्या बैलाला. बाबांनी विकला नाही, आणि त्यानंतर त्याला कधी मारलंही नाही. तो मेला तेव्हा लंगड्या पायानं त्यांनी एकट्यानं खड्डा खणला. पण कुणी डोळ्याचं विचारलं तर शेवटपर्यंत तेच सांगायचे, बाभळीचा काटा.

हे सगळं मी विसरले होते असं नाही. फक्त ते कुठं बाहेर काढायचं ते माहीत नव्हतं.

श्रावण संपत आला तेव्हा मायचा फोन आला. आमचं शेत आता मक्त्यानं दिलेलं, गोठा रिकामा. तरी पोळ्याला माय कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणून पूजा करते. यंदा कुंभाराघरी सुतक होतं, बैल मिळणार नव्हते. माय म्हणाली, "तू म्हने बैल काढून राहिली कागदावर. मंग एक आमाले आन. बाबा नुसते गोठ्यात जाऊन उभे रायतात."

माझ्याकडे त्या बैलाचा एकच फोटो होता, कुठल्याशा पोळ्याचा, गळ्यात माळ, शिंगांना बेगड, आणि उजव्या बाजूनं काढलेला. चांगल्या डोळ्याच्या बाजूनं. मी आधी त्यावरून काढलं. दोन दिवस घालवले. बैल छान आला, कॅलेंडरवर छापावा इतका छान, आणि मला त्याची किळस आली. मी तो टराटरा फाडला. मग नवा कागद ताणून बसवला आणि डावी बाजू काढायला घेतली. तिचा फोटो नव्हता, पण मला फोटोची गरज नव्हती.

इथं खरं सांगायला हवं. ते चित्र मी प्रेमानं काढलं नाही. प्रेम होतं ते रंगाशी, पाण्याशी, त्या मानेवरच्या सावलीशी. बाबांसाठी माझ्या मनात वेगळंच होतं. मला ते चित्र तुतारीसारखं उचलायचं होतं. पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसासमोर त्याच्याच गोठ्यात ते उभं करायचं, आणि आता तरी तोंडानं कबूल करता की नाही ते बघायचं. चौतीस वर्षं मी त्यांच्यासाठी खोटं धरून बसले होते. ते खोटं माझ्या हातातून डस्टर होऊन बाहेर पडलं असं मी स्वतःला सांगत होते. म्हणजे दोष पुन्हा त्यांचाच. सोयीचं होतं ते.

सात दिवस लागले. खांद्यावरचा जुवाचा घट्टा, मोडलेल्या शेपटीचा बाक, पाठीवर केस पांढरेच पण उलटे उगवलेले दोन पट्टे. डोळा शेवटी. खोबणीभोवती गडद तपकिरी आणि निळा मिसळून काळोख केला, आणि मध्ये बुबुळाच्या जागी कागद कोरा ठेवला. त्यावर निळ्या पाण्याचा एकच फिका हात. ब्रश उचलला, हात मागे घेतला आणि थांबले. रंग पसरला आणि बैल माझ्याकडे न बघता बघायला लागला. मी आयुष्यात काढलेलं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं.

काच लावली नाही, एसटीत फुटेल म्हणून. पुठ्ठ्यावर चिकटवून, टॉवेलात गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून निघाले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा लोक चहाला उतरले, मी चित्र मांडीवर घेऊन बसून राहिले. अकोल्याला गाडी बदलली. तेल्हाऱ्याला उतरले तेव्हा दुपार कलली होती. पोळा दुसऱ्या दिवशी होता, आणि आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेला खांदा. कोमट पाण्यात हळद कालवायची, त्यात तूप सोडायचं, पळसाचं पान त्यात बुडवून खांद्यावर चोळायचं, आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं.

मायनं रिकाम्या गव्हाणीला टेकवून पाट मांडला आणि त्यावर चित्र उभं केलं. चष्मा पुसून तिनं बघितलं, आणि तिचा हात तोंडाकडे गेला. मग ती हळदीची वाटी खाली ठेवून बाजूला झाली. गोठ्याच्या दारातून अजून ऊन येत होतं.

बाबा काठी टेकत आले. चित्रासमोर थांबले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मारण्याआधी जनावराकडे बघावं तसं.

"बाबा, डोळा बरोबर जमला का?" मी विचारलं.

ते हळूच खाली बसले. लंगडा पाय पसरून बसायला त्यांना वेळ लागतो. त्यांनी पळसाचं पान वाटीत बुडवलं. मी ओरडायला हवं होतं, की हे पाण्याचे रंग आहेत, ओला हात लावू नका. सात दिवसांचं काम होतं. त्यांनी खांद्यावर पान फिरवलं, घट्ट्यावरून, सावकाश, खऱ्या खांद्यावरून फिरवावं तसं. मानेची सगळी सावली हळदीत मिसळून खाली ओघळली. मग पान ठेवून त्यांनी अंगठा वाटीत बुडवला आणि बैलाच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. ठेवला आणि उचललाच नाही. खोबणीचा काळोख सुटून त्यांच्या बोटावरून मनगटाकडे वाहायला लागला.

"काटा-गिटा काई नव्हता," ते बैलाला म्हणाले. "म्या मारलं तुले."

माय दाराच्या चौकटीला टेकून रडत होती. मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी जिंकेन. तसं काही झालं नाही. मग बाबांनी मान माझ्याकडे वळवली, अंगठा तसाच कागदावर.

"थ्या दिशी मी वाट पाहून राहिलो होतो. तू सांगशील म्हून. तू काटा कावून म्हनली?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मी त्यांच्यासाठी खोटं बोलले, त्यांना सांभाळून घेतलं, असंच मी धरून चालले होते. उत्तर मात्र विचार करायच्या आधी, दहा वर्षांच्या पोरीच्या बोलीत माझ्या तोंडून निघालं.

"तुमी मले मारसान म्हून."

बाबांनी मान खाली घातली. ते रडले की नाही मला दिसलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी चित्रातल्या बैलाला हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मायनं दुसऱ्या दिवशी पुरणपोळी केली आणि त्या बिघडलेल्या चित्राची पूजा केली. खांदा पिवळा, मान ओघळलेली, आणि डाव्या डोळ्याच्या जागी अंगठ्याचा ठसा. ते बाबांनी गोठ्यातच ठेवून घेतलं. मी मागितलं नाही.

त्याच दुपारी परतीच्या गाडीत मला त्या मुलीचा डोळा दिसत होता, पट्टीखालून माझ्याकडे बघणारा. जानेवारीपासून ती पहिल्या बाकावर बसत होती. मी तिला एकदाही रागावले नव्हते. चुकली तरी नाही. तिला समज आलीय, ती मला सांभाळून घेतेय, असं मी समजत होते, आणि मनातून तिची आभारी होते. लाज वाटून मी खिडकीच्या गजाला कपाळ लावून बसले.

राजापेठेत उतरले ती घरी गेलेच नाही, हातातली पिशवी तशीच घेऊन तिच्या घरी गेले. दार आईनं उघडलं. मॅडम आल्या म्हणून तिला आनंद झाला, पाणी आणायला ती आत वळली. मी उंबऱ्यातच थांबून सांगितलं.

"डस्टर निसटलं नव्हतं. मी तिला फेकून मारलं होतं."

आई पाठमोरीच थांबली. मग वळली आणि माझ्या तोंडावर तिचा हात बसला, जोरात, चष्मा उडून जिन्यात पडला इतका जोरात. माझा हातही उठला. सवयीनं उठला, खांद्यापर्यंत. तो मी खाली आणला. आईनं सांगितलं की उद्यापासून पोरगी तुमच्याकडे येणार नाही, आणि ही गोष्ट मी चार लोकांना सांगणार. सांगायलाच हवं, मी म्हणाले.

मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. उजव्या भुवईत जिथं टाके पडले तिथं केस उगवले नाहीत, तेवढी रेघ पांढरी राहिली आहे. मी तिची माफी मागितली. ती नुसती बघत राहिली. तू निसटलं का म्हणालीस, हे मी तिला विचारलं नाही. त्याचं उत्तर मी आदल्याच सांजेला गोठ्यात देऊन आले होते.